मूळ मालक: माहीत नाही

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा कवळ्या बनवण्याचा, सध्याचा उद्योग जुनी फाउंटन पेने दुरुस्त करण्याचा, राहणार याच घरी, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाला बळी न पडता माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे तर गेल्याच हिवाळ्यात मोतीबिंदू काढून, नवी भिंगे बसवून आणले आहेत. त्यामुळे जे पाहिले ते नीट पाहिले, याबद्दलही कुणी शंका घेऊ नये. मी रागात आहे. रागाच्या भरात मृत्युपत्र करणे बरे का, असे वकिलांनी विचारले. कायद्यात तशी मनाई आहे का, असे मी विचारले. ते नाही म्हणाले, तेव्हा पुढे जातो.

वकिलांनी मला एक टंकलेला नमुना दिला होता. त्यात माझी सगळी माणसे 'सदर इसम' आणि 'उपरोक्त व्यक्ती' झाली होती. ज्यांच्याबरोबर जेवलो-खाल्लो आणि ज्यांच्याशी भांडलो, त्यांना मी सदर इसम म्हणणार नाही. कायद्याची भाषा जिथे लागेल तिथे घेतली आहे, बाकी माझी आहे.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी कामाची खोली, तिच्यातली हत्यारे आणि सर्व पेने मेहुण्याला, म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाला, दिली होती. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करीत आहे. त्याची एक प्रत मेहुण्याकडे आहे. त्याने ती हवी तर ठेवावी, पानांची मागची बाजू कोरी आहे.

कलम २. राहते घर, म्हणजे वरचा मजला, जिना आणि गच्चीवरचा आमचा अर्धा हक्क, मी माझ्या एकुलत्या मुलीला देत आहे. तिने इथे राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे, माझी हरकत नाही. पुढचे दार उघडताना कडी जरा वर उचलून मग ढकलावी लागते, हे नव्या माणसाला सांगावे. जावई गेली कित्येक वर्षे ती कडी बदलून देतो म्हणत आहेत. त्यांनी अजून बदललेली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गच्चीवरच्या कुंड्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या आहेत. गच्ची अर्धी आमची असली तरी कुंड्यांनी पाऊण अडवली आहे. त्याबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली, पण मुलीने करू नये, कारण बाई या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत.

घराबाबत एकच अट आहे. खिडकीजवळच्या टेबलामागे भिंतीवर शाईचे शिंतोडे आहेत. मुलीकडे घर आहे तोवर त्या जागेला रंग देऊ नये. दर वेळी रंगारी तिथे आला की थबकतो, आणि दर वेळी मी त्याला तेवढा भाग सोडून पुढे जायला सांगतो. मग तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि पुढे जातो.

ते शिंतोडे माझ्या कै. पत्नीच्या पेनाचे आहेत. ती एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत असे. तिचे पेन एबोनाइटचे होते, साधे, ड्रॉपरने शाई भरायचे. भावानेच तिला ते दिले होते. मूळचे काळे, पण खिडकीतल्या उन्हात पडून पडून तपकिरी झाले होते. पहिल्या अक्षराला ते हटकून अडायचे. मग ती ते एकदा झटकायची, भिंतीवर थेंब उडायचे आणि मग अक्षर कागदावर यायचे. मी दुरुस्तीचा विषय काढला की म्हणायची, "नको. तेवढ्या झटक्यात मला शब्द सुचतो. आणि तुम्ही दुरुस्त केलंत की ते तुमचं पेन होईल."

तिची दुसरी खोड अशी की शब्द अडला की पेनाचे मागचे टोक दातात धरायची. मी कवळ्या करणारा माणूस, मला दातांची खूण वाचता येते. तिचा वरचा एक सुळा किंचित आत वळलेला होता. त्यामुळे त्या टोकावर ओळीने खळगे होते आणि त्यांत एक तिरपा. सोपे कोडे असले की खूण हलकी, अवघड असले की खोल. माझ्या मुलीचाही तोच सुळा तसाच आत वळलेला आहे. ती लहान असताना मी तो सरळ करून घेऊ म्हणत होतो, पण तिच्या आईने करू दिला नाही. राहू दे, निदान एक गोष्ट तरी माझ्यावर गेलीय, असे म्हणाली.

कलम ३. बँकेतली शिल्लक आणि मुदत ठेवी मुलीला. त्यात वादाचे काही नाही आणि मला त्यावर वेळ घालवायचा नाही.

कलम ४. कवळ्यांच्या धंद्यातले माझे सामान, म्हणजे साच्यांचे डबे, मेण कोरायची हत्यारे आणि नमुन्याच्या दातांच्या पेट्या, ज्या शाळेत हे काम शिकवतात तिला द्यावे. नमुन्याच्या दातांची एक पेटी जावयांनी लग्न ठरायच्या वेळी चुकून बडीशेपेचा डबा समजून उघडली होती. तरीही ते लग्नाला तयार झाले, तेव्हाच मी ओळखले की माणूस धीराचा आहे. ही पेटी त्यांना हवी असेल तर आधी त्यांची. या सामानातून प्लास्टरचा एक साचा वगळला आहे. त्याबद्दल कलम ९ पाहावे.

कलम ५. आता पेनांकडे येतो. वकिलांचे म्हणणे असे की इथे फक्त 'कोणास काय' एवढे लिहावे, का ते लिहू नये. पण का ते लिहिले नाही तर लोक म्हणतील म्हातारा चक्रम होता, मेहुण्याशी कशावरून तरी बिनसले. म्हणून लिहितो.

हा छंद मला मेहुण्यानेच लावला, हे मी नाकारणार नाही. त्याचा धंदा फर्निचरला पॉलिश करण्याचा. पॉलिशला आलेल्या एका जुन्या टेबलाच्या खणात त्याला मोडके पेन सापडले. टेबलाच्या मालकाला ते नको होते. ते घेऊन तो माझ्याकडे आला, कारण बारीक चिमटे, स्पिरिटचा दिवा आणि गरगर फिरणारे पॉलिशचे चाक माझ्याकडे होते. त्या दिवशी दोघे जण कामाला बसलो ते उठलोच नाही म्हणायला हरकत नाही. पुढची सगळी वर्षे दर रविवारी तो यायचा, चहा व्हायचा, आणि मागच्या खोलीत आम्ही भंगारबाजारातून आणलेली पेने उघडून बसायचो. मी निब, तिच्याखालची शाई आणणारी जीभ आणि आटे बघायचो, तो बाहेरचे अंग. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. हे मी आज रागातही लिहितो, कारण खोटे लिहिलेले मृत्युपत्र काय कामाचे.

एबोनाइटची एक गंमत आहे. ते मुळात रबर, त्यामुळे दिव्यावर बेताने गरम केले की चावलेले खळगे आपोआप वर येऊ लागतात. फार खोल असतील ते भरून काढायचे, मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायचे, मग कापड, मग चाक. तपकिरी पापुद्रा जातो आणि खालचे काळेभोर अंग उघडे पडते. कुणीतरी वर्षानुवर्षे चावलेले आम्ही एका दुपारीत घालवत होतो. माझी पत्नी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "एक जण दात बसवतो, दुसरा दातांच्या खुणा घालवतो. तुमच्या दोघांच्या तावडीत माणूस सापडला तर काही शिल्लक राहायचं नाही." मेहुणा मोठ्याने हसायचा. तो बहिणीवर जीव टाकायचा, निदान मला तसेच वाटत होते.

ती गेली त्या आठवड्यात तिचे टेबल आम्ही दोघांनी आवरले. पेनात तिने भरलेली शाई अजून होती. शेवटचे कोडे अर्धे राहिले होते. मेहुण्याने पेन हातात घेतले, खुणांवरून अंगठा फिरवला आणि तो रडला. मग स्वतःहून म्हणाला, "भावजी, हे असंच राहू दे. याला तुम्ही हात लावायचा नाही, मीही लावणार नाही." मी त्याला काही म्हटले नव्हते. शब्द त्याचा होता. पेन आम्ही टेबलाच्या वरच्या खणात ठेवले. आतली शाई कालांतराने वाळली असणार, पण वाळली तरी ती तिनेच भरलेली होती. मी अधूनमधून खण उघडून बघायचो आणि बंद करायचो. याला कुणी वेड म्हटले तर म्हणो.

कलम ६. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मी मुलीकडे जाऊन राहिलो. घराची किल्ली मेहुण्याकडे ठेवली, अर्थात विश्वासाने. खिडक्या उघडायच्या, टपाल घ्यायचे एवढेच काम होते.

आमच्यासारख्या पेनवेड्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो. कोपऱ्यावरच्या दुकानातले घड्याळजी तो वाचनालयाच्या वरच्या दालनात भरवतात. तिथली रीत अशी: प्रत्येकाने आपले दुरुस्त केलेले पेन टेबलावर ठेवायचे आणि त्याच्यापुढे कार्ड ठेवायचे, पालथे. कार्डावर दुरुस्त करणाऱ्याचे नाव, पेन कुठून आले, कुणाचे होते, आणि आधीचा फोटो. जुन्या जाणत्यांनी आधी पेन हातात घ्यायचे, कामाबद्दल मत सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायचे आणि मगच कार्ड उलटायचे. नाव बघून कौतुक होऊ नये म्हणून ही पद्धत. ती आम्हीच घातली. आमच्यात मेहुणा होता.

डोळ्यांमुळे मी यंदा येणार नाही असे सगळ्यांना कळवले होते, मेहुण्यालाही. पण डॉक्टरांनी पट्टी लवकर काढली, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, नव्या डोळ्यांनी काय बघणार? पेनंच ना? चला." आम्ही गेलो. मला बघून घड्याळजींनी खुर्ची दिली आणि यंदाही मत तुम्हीच द्या म्हणाले. मेहुणा दाराजवळ उभा होता. त्याचा चेहरा पडला, पण मला वाटले माझे डोळे बघून त्याला वाईट वाटले असेल. माझी बुद्धी तेवढीच चालली.

चौथे की पाचवे पेन हातात घेतले आणि मी थांबलो. काळे कुळकुळीत, आरशासारखे. भिंग लावले. मागचे टोक बोटांत फिरवले, कुठेही उंचवटा नाही, भरलेल्याची कड नाही, पेपरचा ओरखडा नाही. आणि टोपणाखालची नाजूक रेघ जशीच्या तशी. घासताना ती रेघ सांभाळणे सोपे काम नव्हे, भल्याभल्यांची जाते. निब टेकवली, पहिल्या स्पर्शाला ओळ आली. मी उभा राहिलो. दालनातल्या माणसांना म्हणालो, "याला म्हणतात हात. कुठे खरचटलं होतं, कुठे चावलं होतं, काही पत्ता लागत नाही. या पेनाला आधी कुणी मालक होता असं वाटूच नये, असं काम आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे वाक्य मी बोललो आणि या टाळ्या मी वाजवल्या, हे मी इथे लिहून ठेवत आहे, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की माझा राग फक्त दुसऱ्याने काय केले त्याचा आहे. माझ्या तोंडून ते काढून घेतले गेले, त्याचाही आहे.

मग मी कार्ड उलटले. फोटोत एक तपकिरी पेन होते. मागच्या टोकावर ओळीने खळगे, त्यांत एक तिरपा. फोटोखाली मेहुण्याच्या सुबक अक्षरात लिहिले होते: भंगारबाजारात सापडले. अवस्था अतिशय वाईट. मूळ मालक: माहीत नाही.

मी कौतुक करत होतो तेवढा वेळ तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. एका शब्दाने त्याने मला थांबवले नाही. मी विचारले, "हे कुणाचं पेन आहे?"

तो म्हणाला, "भावजी, बाहेर चला, सांगतो."

"इथंच सांग. कार्डावर लिहिलंय ते खरं आहे का?"

त्याने माझ्याकडे बघितले नाही. टेबलाभोवतीच्या माणसांकडे बघितले. घड्याळजींकडे बघितले. आणि म्हणाला, "हो."

माझी मुलगी माझ्या बाजूला उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मामा." तरीही त्याने शब्द बदलला नाही. मी पेन टेबलावर ठेवले. ते माझे नाही, कुणाचे आहे ते कार्डावर लिहिलेच आहे, असे म्हणालो आणि निघालो. त्या वर्षीचे सर्वोत्तम पेन म्हणून तेच निवडले गेले, असे नंतर कळले. काम तसे होतेच.

कलम ७. दुसऱ्या दिवशी तो पेन मखमली डबीत घालून घरी आला. त्याचीही बाजू लिहितो, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिले. त्याचे म्हणणे असे की ताई गेल्यापासून ते पेन खणात कुजत होते. शाई वाळून जीभ चिकटली होती, अजून थोडी वर्षे गेली असती तर निब गंजून गेली असती. खिडक्या उघडायला आला, खण उघडला, बघवले नाही. मला बरे झाल्यावर दाखवणार होता, मी खूश झालो असतो. शिवाय पेन मुळात त्यानेच बहिणीला दिलेले, तेव्हा त्याचाही काही हक्क होता.

मी हे सगळे ऐकून घेतले. त्याला चकाकीचे व्यसन आहे. डाग दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते, हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या जेवणात शेजारच्याच्या खुर्चीवरचा ओरखडा रुमालाने घासत बसलेला मी त्याला पाहिला आहे. त्याने पेन धुतले, तिची शाई मोरीत गेली, खुणा दिव्यावर वर आल्या आणि पेपरखाली गेल्या. हे सगळे मी कदाचित, खूप वर्षांनी, पोटात घातले असते. माझे त्याला एकच विचारणे होते. तिला 'माहीत नाही' असं का म्हणालास?

त्याने डबीचे झाकण मिटले. मग म्हणाला, "भंगारातनं उचललेलं म्हटलं की काम मोठं दिसतं. घरातलं म्हटलं तर लोक म्हणतात, बरं आहे. आणि तुम्ही समोर आलात तेव्हा एवढी माणसं बघत होती. मी काय म्हणायचं होतं? बहिणीचं पेन न विचारता उचललं म्हणून?"

मी म्हणालो, "हो. तेच म्हणायचं होतं."

तो उठला, जाताना कडी वर उचलून दार ओढून घेतले, त्याला ती सवय आहे. किल्ली आणि पेनाची डबी टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून रविवारी मी एकटाच बसतो. चहा एक कप करायचा हे अजून लक्षात राहत नाही. तो नसल्याचे मला वाईट वाटते, आणि वाईट वाटते याचा राग येतो. ज्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षे एका टेबलावर मान खाली घालून काम केले, त्याने चार टाळ्यांसाठी आपल्या सख्ख्या बहिणीला ओळख दाखवली नाही. मला आता त्याच्याबरोबरचा एकेक रविवार आठवून बघावा लागतो, त्यातला खरा किती होता म्हणून. हा खटाटोप त्याने माझ्या म्हातारपणी माझ्यामागे लावला.

कलम ८. कामाच्या खोलीतले पॉलिशचे चाक, चिमटे, दिवा, निबांच्या डब्या आणि दुरुस्त केलेली पेने यांचे असे करावे. लोकांनी दुरुस्तीला दिलेली पेने त्यांच्या-त्यांच्या घरी पोहोचवावीत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे, आणि चिठ्ठीवर मालकाचे नाव आहे. आमच्याकडे निदान एवढे तरी होत असे. बाकी सर्व, चाकासकट, मेहुण्याला मिळेल, पण पुढील अटीवर.

त्याने मेळाव्याला यावे. एक कार्ड स्वतःच्या हाताने लिहावे आणि ते पालथे न ठेवता उताणे ठेवावे. कार्डावर असे लिहावे: हे पेन माझ्या ताईचे. ती शब्दकोडी रचत असे. विचार करताना पेन चावत असे. त्या खुणा मी काढल्या. आणि मी जसे त्याचे कौतुक सगळ्यांना ऐकू जाईल असे केले, तसेच त्याने हे सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचावे. वाचले की नाही हे घड्याळजी ठरवतील. पुटपुटले तर धरू नये. माझ्यानंतर भरणाऱ्या पहिल्या दोन मेळाव्यांत हे झाले नाही, तर सर्व सामान कलम ४ मधल्या शाळेला द्यावे.

वकील म्हणाले, अशी अट घालून माणूस बदलत नाही. मला तो बदलून नको आहे. मला फक्त तिचे नाते त्या दालनात त्याच्या तोंडून ऐकवायचे आहे. मी जिवंत असताना त्याने हे केले, तर हे मृत्युपत्र मी स्वतः फाडीन आणि जुने पुन्हा लिहीन. त्याला हे कुणी सांगू नये. सांगून केले तर त्यात काय राहिले.

कलम ९. माझ्या पत्नीच्या दोन दाढा गेल्या तेव्हा त्या बसवण्यासाठी मी तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा घेतला होता. तो कामाच्या खोलीत वरच्या फळीवर, रुमालात बांधून ठेवला आहे. मेळाव्यानंतर एका दुपारी मी तिचे पेन गरम करून, साचा त्याच्या टोकाला लावून बघितला. जोराने दाबले असते तर खुणा हुबेहूब उठल्या असत्या. जगात कुणाला फरक कळला नसता. मी दिवा विझवला. तिने त्या खुणा एकेक शब्द शोधताना केल्या होत्या, आणि मला एकही शब्द शोधायचा नव्हता.

हा साचा मेहुण्याला द्यावा. याला अट नाही. कलम ८ मधले त्याने केले किंवा न केले तरी हा त्याचाच. त्यातला आत वळलेला सुळा बघून मालक कोण ते त्याला ओळखता येईल. त्याने कृपा करून याला पॉलिश करू नये.

कलम १०. माझ्या मागे फार समारंभ नको. मेहुण्याला कळवावे आणि येऊ द्यावे. मुलीने त्याच्याशी माझ्या वतीने अबोला धरू नये, तो तिचा मामा आहे आणि भांडण माझे आहे. फक्त माझ्याबद्दल चार शब्द बोलायला त्याला उभे करू नये. तो चांगले बोलतो, आणि लोक टाळ्या वाजवतील.

कलम ११. माझ्या पत्नीचे पेन मी माझ्या मुलीला देत आहे. ते डबीत ठेवू नये. मखमली डबी मेहुण्याला परत करावी. पेनाने रोज लिहावे, बाजाराची यादी लिहिली तरी चालेल. ते खिडकीत, उन्हात पडू द्यावे. मुलीलाही विचार करताना हातातले टोक दातात धरायची सवय आहे. ती शाळेत असताना मी त्यावरून तिला फार ओरडायचो, दात खराब होतात म्हणून. यापुढे माझी हरकत नाही, असे या लेखाने कळवत आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे. मेहुणा त्या दालनात 'हो' म्हणाला, तेव्हा हे दोघेही तिथे हजर होते.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिल्या: (सही) खालच्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. मेळाव्याला दर वर्षी चहाची व्यवस्था पाहतात. कुंड्या पाऊण नाहीत, निम्म्याच गच्चीवर आहेत, एवढे नोंदवून सही करीत आहेत.

साक्षीदार दुसरे: (सही) कोपऱ्यावरचे घड्याळजी.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१४, रविवार

टीप. सहीच्या डाव्या बाजूला पडलेला शाईचा मोठा डाग ही खाडाखोड समजू नये. सही त्याच पेनाने करायची असे मी ठरवले होते. मुलीने ड्रॉपरने शाई भरून दिली. कागदावर टेकवण्याआधी मी ते झटकले, कारण ते पेन झटकल्याशिवाय चालत नाही, असे माझा हात अजून धरून चालतो. आता ते चालते. त्याने ते उत्तम दुरुस्त केले आहे. झटकायची काही गरज नव्हती, म्हणून एवढी शाई सांडली, आणि मला एकही शब्द सुचला नाही. डाग तसाच राहू द्यावा.

डाग आमच्यासमोर पडला. (दोन्ही साक्षीदारांच्या सह्या)